साठ हजारांत काय बसतं?

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पालिकेच्या दप्तरी त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनला इथल्या दुकानदारांनी अजून निवृत्त केलेलं नाही. बारावीचे निकाल लागले की या रस्त्यावर एक ठरावीक जोडी दिसू लागते. पुढे मुलगा, त्याच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये पार्ट्सची यादी. मागे वडील, पोटाशी धरलेली बॅग, आणि आपल्याला यातलं काही कळत नाही हे दुकानदाराच्या लक्षात येऊ नये अशी चेहऱ्यावर काळजी.

ही जोडी ज्यांच्या टेबलापाशी येऊन थांबते त्यांना दुकानातली पोरं ‘मास्टर’ म्हणतात. मास्टर असेंबलर आहेत. मालक वेगळा, गल्ल्यावर तो बसतो, स्क्रू ड्रायव्हर मास्टरांच्या हातात. या धंद्यात ते आले तेव्हा गेमिंगचं गिऱ्हाईक म्हणजे सायबर कॅफेवाले. त्यांना काउंटर-स्ट्राइक १.६ आणि व्हाइस सिटी चालेल अशा एकाच मापाच्या मशिनी हव्या असत. घरी गेमसाठी वेगळा कॉम्प्युटर घेणं ही पैसेवाल्यांची चैन होती. मग मोबाईलवरच्या पबजीने एक अख्खी पिढी तयार केली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली, वर लॉकडाऊन, आणि त्याच वर्षी आलेला व्हॅलोरंट फुकट. बोटाने काचेवर खेळणारी मुलं माउस-कीबोर्डकडे वळली ती तेव्हापासून.

मास्टर यादीकडे लगेच बघत नाहीत. बजेटही आधी विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “खेळणार काय?” आणि दुसरा, “मॉनिटर कुठला?” यादी घेऊन आलेल्याला हे प्रश्न उलटे वाटतात, कारण त्याने सुरुवात प्रोसेसरपासून केलेली असते. खरं तर सगळा हिशेब पडद्यापासून मागे येतो. १९२० बाय १०८० चा पडदा म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. फोर-के म्हणजे त्याच्या चौपट. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी तेवढे ठिपके रंगवायचे असतात. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो, आणि तो गेम ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. सायबरपंक २०७७ खेळायचा असेल तर गणित बरोबर उलटं. आणि एखाद्याला फक्त एल्डन रिंगच खेळायचा असेल, तर त्याला १४४ हर्ट्झचा मॉनिटर विकणं हा मास्टरांच्या मते निव्वळ चावटपणा आहे, कारण तो गेम मुळात ६० फ्रेमच्या वर जातच नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात चिपळूणहून आलेल्या एका बाप-लेकाची गोष्ट मास्टर अजून सांगतात. बजेट साठ हजार, मॉनिटरसकट. मुलाच्या यादीत पहिल्या ओळीला आय सेव्हन. खाली आरजीबी रॅम, पुढून काच असलेलं कॅबिनेट, रंगीत पंखे, आणि ग्राफिक्स कार्डासमोर लिहिलेलं, ‘उरलेल्या पैशांत बसेल ते’.

“दादा, आय सेव्हन घेतला की पाच-सहा वर्षं बघायला नको ना?” मुलाने विचारलं.

“एकट्या आय सेव्हनलाच अठ्ठावीस हजारांच्या आसपास जातील. मग पडद्यावर चित्र कोण काढणार?”

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “पण साहेब, आय थ्री म्हणजे हलका ना?”

“काका, नाव हलकं आहे. काम बघा.”

मग मास्टरांनी बिलबुकाच्या पाठीमागे आकडे मांडले. आय थ्री १२१०० एफ, चार कोअर आणि आठ थ्रेड, ८,५०० रुपये. त्याला चालणारा एच ६१० बोर्ड ६,५००. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम मिळून ३,५००. पाचशे जीबीची एनव्हीएमई ३,०००. ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६००, आठ जीबीचं, १९,५००. साडेपाचशे वॅटचा चांगला एसएमपीएस ४,०००. कॅबिनेट ३,०००. चोवीस इंची, १४४ हर्ट्झचा मॉनिटर ११,०००. कीबोर्ड-माउसला १,०००. बेरीज बरोबर साठ. भाव तेव्हाचे, आणि लॅमिंग्टन रोडवर सकाळचा भाव संध्याकाळी टिकेलच असं नाही, म्हणून हे आकडे अंदाजाचेच धरायचे.

या मांडणीत एकट्या ग्राफिक्स कार्डाने जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्ला आहे. मॉनिटर बाजूला ठेवला तर चाळीस टक्के. मास्टरांचा ठोकताळा हाच. गेमसाठी मशीन आहे ना, मग पैसा तिथे दिसला पाहिजे. मुलाला राहून राहून वाटत होतं की आणखी साडेतीन हजार घालून सहा कोअरचा रायझन ५ ५६०० घ्यावा. मास्टरांनी नाही म्हटलं नाही. रायझन उजवाच आहे, फक्त ते साडेतीन हजार एसएमपीएसमधून काढायचे नाहीत, एवढी एकच अट घातली. शेवटी आय थ्रीच ठरला. त्याच बोर्डावर बायोस अपडेट करून पुढे तेराव्या पिढीचा आय फाइव्ह बसतो, हे ऐकल्यावर मुलगा निवांत झाला.

पुढे काय बसेल याचा विचार मास्टर बोर्ड घेतानाच करतात. त्यांचं आवडतं उदाहरण एएमडीच्या एएम४ सॉकेटचं. २०१७ मध्ये ज्यांनी पहिल्या पिढीचा रायझन घेतला त्यांच्यातल्या अनेकांनी बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर २०२२ चा ५८०० एक्स३डी चढवला. बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर नवा. मात्र याच सोयीची दुसरी बाजू त्यांच्या टेबलावर वरचेवर येते. कोणी ऑनलाइन स्वस्तात जुना बी ४५० बोर्ड मागवतो, त्यावर ५००० मालिकेचा रायझन बसवतो, पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले येत नाही. बिघाड काहीच नसतो. बोर्डाचा बायोस त्या प्रोसेसरच्या जन्माआधीचा असतो. जुना रायझन लावायचा, बायोस अपडेट करायचा, परत नवा लावायचा. त्यासाठी एक जुना रायझन मास्टरांच्या ड्रॉवरमध्ये कायमचा मुक्कामाला आहे.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत खरी फसगत नावांत असते. आरटीएक्स ३०५० नावाचं एक कार्ड आठ जीबीचं, दुसरं सहा जीबीचं. माणसाला वाटतं, दोन जीबी मेमरी कमी, एवढंच. प्रत्यक्षात सहावाल्यात कोअर २५६० ऐवजी २३०४ आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटांऐवजी ९६ बिटांचा. जीटी १०३० ची कथा तर याहून वाईट. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने साधी डीडीआर४ लावलेलं कार्ड बाजारात उतरलं आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्याही खाली आला. खोक्यावर अक्षरं तीच. कंपन्यांच्या या सवयीला चलाखी म्हणावं की लबाडी, हे ज्याने त्याने ठरवावं. या लेखकाचा कल दुसऱ्या शब्दाकडे आहे.

नाव बरोबर असूनही पाय घसरू शकतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनवर बोलतं. नव्या पीसीआयई ४ च्या बोर्डावर ते धकून जातं, पण जुन्या पीसीआयई ३ च्या बोर्डावर तोच रस्ता निम्मा होतो आणि चार जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. स्वस्त कार्ड जुन्या मशिनीत घालणारा माणूस नेमका जुन्याच बोर्डाचा मालक असतो, हा त्यातला विनोद.

एसएमपीएसचा विषय निघाला की मास्टर स्टूल ओढून बसतात. दुकानात शिरलेल्या कुणालाही पॉवर सप्लायवर पैसे घालायची हौस नसते. तो दिसत नाही, त्याला दिवे नसतात, त्याने एक फ्रेमही वाढत नाही. त्यातून स्वस्त कॅबिनेटबरोबर तो भांड्यांच्या सेटवर मिळणाऱ्या चमच्यासारखा फुकट येतो. असा एक फुकटचा डबा मास्टर मुद्दाम टेबलाखाली ठेवतात. आधी तो गिऱ्हाइकाच्या एका हातात देतात आणि दुसऱ्या हातात चांगल्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा. वजनातच अर्धी गोष्ट कळते. मग लेबल वाचायला लावतात. फुकटच्या डब्यावर ठळक अक्षरांत ४५० लिहिलेलं. पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. आजच्या मशिनीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे कामाचे वॅट १९२. दुसऱ्या डब्यावर त्याच रकान्यात ४५ अँपिअर, म्हणजे ५४०.

“काका, आता तुम्हीच सांगा, साडेचारशेवाला कुठला?”

वडिलांना यादीतलं पहिल्यांदा काही समजतं ते इथे. मोटरपंप, मीटर, वायरिंग यांच्याशी आयुष्यभर गाठ पडलेल्या माणसाला अँपिअर शिकवावे लागत नाहीत. यानंतर एसएमपीएसच्या चार हजारांवर घासाघीस होत नाही, असा मास्टरांचा अनुभव. ‘८० प्लस’चा शिक्का असला की मिळणाऱ्या विजेतली किती कामी येते आणि किती उष्णतेत जाते याची चाचणी झालेली असते, डबा टिकाऊ असल्याची ती हमी नव्हे. म्हणून ते शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षंही बघायला सांगतात.

विजेवरून गाडी यूपीएसवर येते. गावाकडे लाईट जाते, म्हणून घरातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस लावायचा, असं बहुतेकांच्या मनात असतं. तो साधारण ३६० वॅटचा. वर सांगितलेली मशीन गेम चालू असताना मॉनिटर धरून अडीचशे-तीनशे वॅट ओढते, त्यामुळे नवीन बॅटरीवर गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. जुन्या बॅटरीवर लाईट गेली की यूपीएसही लगेच जातो. अर्थिंगचं मास्टर हटकून विचारतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना ते आधी घरच्या वायरमनला बोलवायला सांगतात. मशीन उघडायची वेळ बहुधा येत नाही.

कधी कधी मास्टर गिऱ्हाईक सोडूनही देतात. मुलाला मित्रांबरोबर फक्त फुटबॉलचा गेम खेळायचा असेल, तर ते सरळ कन्सोल घ्यायला सांगतात. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एस भारतात आला तो ३४,९९० रुपयांना, आणि त्या पैशांत त्या तोडीचा पीसी जुळवणं तेव्हा कुणालाच शक्य नव्हतं. मालकाला हे आवडत नाही. पण पीसीच्या बाजूने वडिलांकडे एक हुकमी मुद्दा असतो, अभ्यास. मुलगा इंजिनिअरिंगला जाणार असतो, आणि हल्ली बहुधा एआयच्या शाखेला. तसं असेल तर मास्टर यादीत खरोखर बदल करतात. एआयच्या कामाला लागणारं कुडा हे सॉफ्टवेअर फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालतं. तेव्हा गेमसाठी पैशांच्या मानाने आरएक्स ६६०० सरस असलं तरी ते बारा जीबीचं आरटीएक्स ३०६० सुचवतात आणि वाढीव पैसे कशासाठी ते वडिलांना समजावतात.

जुन्या मालाचं वेगळंच प्रकरण. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभर विक्रीला निघाली. लॅमिंग्टन रोडवरही ती आली. मास्टर अशा कार्डांना वाळीत टाकत नाहीत. पंखा बोटाने फिरवून बघतात, स्क्रूंच्या खाचा झिजल्यात का ते बघतात, मग मशिनीत लावून अर्धा तास पुरा भार देतात आणि तापमानावर नजर ठेवतात. चिपपेक्षा पंखे आणि थर्मल पॅड आधी मरतात, आणि ते बदलता येतात. त्यांना भीती वाटते ती बनावट कार्डांची. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या चिपवर खोटा बायोस चढवून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेलं त्यांनी पाहिलं आहे. विंडोजही फसते. जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्राम मात्र नावाआधी ‘फेक’ असं लिहून मोकळा होतो.

ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डबे घेऊन त्यात ग्राफिक्स कार्ड घालायचं, हा गरिबाचा जुना उपाय. त्याला आता दोन अडचणी. त्यातला एसएमपीएस बऱ्याचदा अडीचशे वॅटच्या आतला आणि कंपनीच्या खास मापाचा, म्हणून कार्ड ७५ वॅटच्या आतलं, वेगळी पॉवर वायर न मागणारं हवं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी मागते. बाजारातले स्वस्त डबे मुख्यतः चौथ्या ते सातव्या पिढीचे. चालतात, पण पुढचं कोण निस्तरणार, असं मास्टर विचारतात. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडतच नाही.

चिपळूणच्या मुलाची मशीन त्याच दुपारी जोडली गेली. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना मास्टर दाबत नाहीत. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसता सोडतात. लिव्हर लावताना मात्र करकर आवाज येतो आणि मुलाच्या कपाळावर आठी पडते. हा आवाज येणारच, एवढंच ते म्हणतात. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या तारा, पॉवर, रीसेट, दोन दिवे, या बारीक पिनांवर चष्मा कपाळावर चढवून बसवायच्या. आणि दोन्ही रॅम दोन्ही स्लॉटमध्ये. सोळाची एक न घेता आठच्या दोन घेतल्या त्या यासाठीच, दोन वाटांनी डेटा यावा म्हणून. ग्राफिक्स कार्ड न घेता ५६०० जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर दिवस काढणाऱ्यांना तर हे फार लागतं. तिथे चित्रासाठीही रॅमच वापरली जाते, आणि एका रॅमवर गेम पार मान टाकतो.

डिस्प्ले आला की गिऱ्हाईक पैसे काढतं. मास्टर थांबवतात. बायोसमध्ये जाऊन रॅम खोक्यावरच्या ३२०० वर चालते आहे ना ते बघतात. कित्येक बोर्ड ती गुपचूप २१३३ नाहीतर २६६६ वर चालवतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये मॉनिटर ६० वरून १४४ वर नेतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळलेली माणसं त्यांना भेटली आहेत. मग मुलालाच मागे बोलावून मॉनिटरची केबल कुठे लावायची ते दाखवतात, खालच्या आडव्या पट्टीत, ग्राफिक्स कार्डावर. वर बोर्डावरही तसंच एचडीएमआयचं भोक असतं. घरी जाऊन केबल तिथे लावायची आणि दुकानात फोन करायचा, ‘कार्ड खराब निघालं’, हा नित्याचा कार्यक्रम. १२१०० एफ मध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे निदान काळा पडदा दिसून चूक लगेच कळते. आतलं ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर महिनोन् महिने कळत नाही. वीस हजारांचं कार्ड नुसतं बसून असतं.

बिल १८ टक्के जीएसटीसकट, प्रत्येक वस्तूच्या सिरियल नंबरासह. बिनबिलाचा भाव समोरच्या गल्लीत हजार-दोन हजारांनी कमी मिळतो आणि वॉरंटीच्या वेळी ते हजार-दोन हजार आठवतात.

“रॅम आणि स्टोरेज आत्ता कमी घ्या, नंतर वाढवा,” हा मास्टरांचा वर्षानुवर्षांचा सल्ला. नंतर ते स्वस्तच होत जातं, असा सगळ्यांचाच अनुभव होता. २०२५ च्या शेवटी हा सल्ला कोलमडला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली. जगातली बहुतेक मेमरी चिप बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांनी आपला मोहरा तिकडे वळवला. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सोळा जीबीच्या ज्या जोडीला चिपळूणकरांनी साडेतीन हजार मोजले, तिचा भाव दुपटी-तिपटीवर गेला. त्या मुलाने ‘नंतर बत्तीस करू’ म्हटलं होतं. ते अजून राहिलंच आहे.

आता यादी घेऊन आलेल्या जोडीला मास्टर तिसरा प्रश्नही विचारतात. घरी, काकांच्या ऑफिसात, शेजारी, कुठे २०१६-१७ नंतरचा बंद पडलेला डेस्कटॉप आहे का? असला तर त्यातली डीडीआर४ काढून आणा. माणसं रुमालात, पेपरात गुंडाळून रॅम आणतात. मास्टर सोनेरी कडा खोडरबराने पुसतात, रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवतात आणि सकाळी चूक नसेल तर ती नव्या बोर्डावर बसवतात. एक २४०० ची आणि एक ३२०० ची असली तर दोन्ही २४०० वर चालतात, पण पाच-सहा हजार वाचतात आणि ते ग्राफिक्स कार्डाकडे वळवता येतात. बोर्ड मात्र मग डीडीआर४ चाच निवडावा लागतो. एएम५ त्या यादीतून बाद, कारण तो डीडीआर५ शिवाय चालत नाही. लॅपटॉपमधली रॅम काढून आणणारेही निघतात. ती जवळपास निम्म्या लांबीची, स्लॉटमध्ये बसतच नाही. त्यांना मास्टर चहा पाजून परत पाठवतात.